मॉडेल बोटीच्या शाफ्टच्या नळीतून पाणी आत येऊ नये म्हणून काय करता?

निळीनाळ

नमस्कार मंडळी. सध्या एका टगचं (मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीचं) मॉडेल करतोय. लांबी साधारण एक मीटर, फायबरग्लासचा हल (बोटीचं बाहेरचं कवच), दोन मोटरी, दोन पंखे. हल घासून तयार आहे. शाफ्टच्या (मोटर आणि पंखा जोडणाऱ्या दांड्याच्या) नळ्या नुसत्या ठेवून पाहिल्यात, अजून चिकटवलेल्या नाहीत. म्हणूनच आत्ता विचारतोय. एकदा एपॉक्सी बसलं की पुढे फार काही करता येणार नाही.

मापं अशी: शाफ्ट ४ मिमी स्टेनलेस, पितळी नळी बाहेरून ८ आणि आतून ७ मिमी, लांबी २०० मिमी, दोन्ही टोकांना बुश (शाफ्टला धरणारी छोटी नळकांडी). बोट वजन घालून ठरलेल्या पाणरेषेपर्यंत बसवली की नळीचं पंख्याकडचं टोक पाण्याखाली ६५ मिमी जातं आणि मोटरीकडचं टोक ४० मिमी. म्हणजे आतलं टोकही पाण्याच्या पातळीच्या बरंच खाली राहतं. टगचा तळ खोल असतो, मोटरीही खाली बसवाव्या लागतात, त्यामुळे याला इलाज दिसत नाही.

आता सल्ले ऐका. एक जण म्हणतो नळी ग्रीसने गच्च भर. दुसरा म्हणतो ग्रीसने मोटर दमते, तेल घाल. तिसरा म्हणतो ऑइल सील (शाफ्टभोवती घट्ट बसणारी रबरी कडी) बसव आणि मोकळा हो. चौथ्याच्या मते थोडं पाणी येणारच, स्पंज ठेव. मला स्पंज ठेवायचा नाही. बोटीत दोन स्पीड कंट्रोलर आहेत, रिसीव्हर आहे, बॅटरी आहे. तासभर पाण्यात राहून तळ कोरडा हवा.

ज्यांनी हे नीट केलंय त्यांनी कृपया कारणासकट सांगा.

शिडाचीदोरी

वाचनखूण साठवली. माझाही हाच प्रश्न आहे, फक्त एक पंखा.

तांडेल

निळीनाळ, योग्य वेळी विचारलंत. यातले नव्वद टक्के निर्णय नळी चिकटवण्याआधीच होतात.

आधी हे बघू की पाण्याचा जोर किती आहे. १० मिमी खोलीला साधारण १०० पास्कल. म्हणजे तुमच्या नळीच्या बाहेरच्या टोकाशी ६५० आणि आतल्या टोकाशी ४०० पास्कल. हा जोर अगदी किरकोळ आहे, पण तो सतत असतो. बोट उभी असली तरी तो ढकलत राहतो. म्हणून तासाभराने पाणी दिसतं, पाच मिनिटांत दिसत नाही.

आतलं टोक पाणरेषेच्या वर काढता आलं तर प्रश्नच मिटला, कारण उभ्या बोटीत नळीतलं पाणी बाहेरच्या पातळीपेक्षा वर चढत नाही. उथळ लाँच किंवा गस्ती बोट असती तर माझा पहिला आणि शेवटचा सल्ला तोच असता. तुमच्या टगमध्ये ते जमणार नाही. आत्ता नळीचा कल सुमारे ७ अंश आहे. आतलं टोक पाणरेषेच्या ५ मिमी वर न्यायचं तर तो २० अंशांवर जातो. मग पंख्याचा पुढे ढकलणारा जोर ६ टक्क्यांच्या आसपास घटतो, शिवाय तो मागचा भाग वर उचलू लागतो, आणि पंखा दिसायलाही विद्रूप दिसतो. हा मार्ग सोडा.

म्हणजे पाणी नळीच्या बाहेरच्या तोंडापाशी आणि नळीच्या आतच अडवावं लागणार. त्यासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात: घट्ट बसणारे लांब बुश, नळीत न वाहणारं काहीतरी, आणि ते भरायला एक उभी बारीक नळी. सील त्यानंतर. सील म्हणजे वाईट बुशवरचा उपाय नव्हे, हे मी आत्ताच लिहून ठेवतो, कारण पुढे कोणीतरी ते म्हणणारच.

उभ्या नळीबद्दल: शाफ्टच्या नळीला आतल्या टोकापासून थोड्या अंतरावर भोक पाडून ४ मिमीची पितळी नळी सोल्डर करायची, तिचं तोंड पाणरेषेच्या चांगलं वर, डेकखालून हात पोचेल अशा जागी. हे काम बुश बसवण्याआधी करा. सोल्डरच्या उष्णतेने प्लास्टिकचा बुश खराब होतो आणि दाबून बसवलेला धातूचा बुश सैल पडू शकतो. भोकाची आतली कड गोल कानसेने साफ करायला विसरू नका, नाहीतर पितळेचा कीस थेट बुशमध्ये जाऊन बसतो.

निळीनाळ

तांडेलकाका, आभार. त्या उभ्या नळीतून तेल घालायचं की ग्रीस? तेल वरून भरलेलं असेल तर ते पाण्याला उलटं ढकलेल ना?

तांडेल

ढकलेल, आणि तत्त्व खरंच कामाचं आहे. मोठ्या जहाजांवर तेलाच्या स्टर्न ट्यूबला (शाफ्टच्या नळीला) वर एक टाकी जोडलेली असते, ती हेच करते. तुमच्या मापात हिशेब असा: खनिज तेलाची घनता पाण्याच्या सुमारे ०.८८ पट. बाहेरच्या टोकाशी ६५ मिमी पाणी आहे, तर त्याला तोलायला ७४ मिमी उंचीचा तेलाचा स्तंभ लागतो. म्हणजे उभ्या नळीतलं तेल पाणरेषेच्या ९ मिमी वर असलं की बरोबरी झाली. त्याहून वर असलं की तेल बाहेर जाणार, पाणी आत येणार नाही.

पण तेच तेल आतल्या बुशमधूनही बोटीत गळणार, कारण तिकडे त्याला अडवायला पाणी नाहीच. तळात पाण्याऐवजी तेल साचेल, एवढाच फरक. शिवाय बाहेर जाणारं तेल तळ्यात जातं. छोट्या आणि हळू फिरणाऱ्या शाफ्टसाठी मी ग्रीसच घालतो.

ग्रीसचा मोठा गुण असा की ठरावीक जोर लागल्याशिवाय ते हलतच नाही. तेल कितीही दाट असलं तरी हळूहळू वाहतं; ग्रीस थांबून राहतं. तुमचे ४००-६५० पास्कल बुशच्या केसभर फटीतल्या ग्रीसला हलवू शकत नाहीत. एवढं साधं कारण आहे. मात्र ती फट केसभरच हवी.

लेथवाला

फटीचा विषय निघाला म्हणून लिहितो, कारण माझ्या मते सगळा धागा इथेच आहे.

गोल फटीतून जाणारं पाणी फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. शाफ्ट आणि बुशमधली फट तिप्पट झाली तर गळती २७ पट होते. लांबीच्या बाबतीत मात्र साधा हिशेब आहे, बुश दुप्पट लांब केला तर गळती निम्मी. म्हणजे जीव ओतायचा तो फटीवर. ४ मिमी शाफ्टला रीमरने (भोक नेमक्या मापाला आणणाऱ्या हत्याराने) केलेलं भोक, फट ०.०२ ते ०.०५ मिमीच्या आत. बुश कोरडा असताना शाफ्ट हाताने मोकळा फिरला पाहिजे, पण टोक धरून हलवलं तर खटखट जाणवता कामा नये. बुशची लांबी शाफ्टच्या व्यासाच्या दोन-तीन पट, म्हणजे ८ ते १२ मिमी. तयार नळ्यांमध्ये कधीकधी ५ मिमीचे बुश येतात, ते काढून लांब बसवणं परवडतं.

कशाचा बुश? बाहेरच्या टोकाला मी फॉस्फर ब्राँझ किंवा ॲसिटल (एक कडक प्लास्टिक) वापरतो. नायलॉन वापरू नका. नायलॉन पाणी शोषून फुगतं. घरी मस्त फिरणारा शाफ्ट पाण्यात राहिल्यावर जड होतो आणि माणूस मोटरीला दोष देत बसतो. ॲसिटल जवळपास पाणी पीत नाही. तेल मुरवलेले सच्छिद्र ब्राँझचे बुश आतल्या टोकाला उत्तम. बॉल बेअरिंग हवं असेल तर तेही आतल्या टोकालाच, आणि ते पाणी अडवेल अशी अपेक्षा न ठेवता. त्याच्या पातळ पत्र्याच्या झाकणातून पाणी आरामात जातं.

चांगला बुश महिनाभरात वाया घालवायचा असेल तर मोटर आणि शाफ्ट एका रेषेत ठेवू नका. युनिव्हर्सल जॉइंट आहे म्हणून थोडा बाक चालतो असं लोक धरून चालतात. जॉइंट फिरतो खरा, पण प्रत्येक फेरीला शाफ्टचं टोक बाजूला ढकलतो, आणि आतला बुश अंडाकृती होतो. अंडाकृती बुशमध्ये कुठलंच ग्रीस टिकत नाही.

नळी चिकटवताना असं करा. मोटरीचा आणि तुमचा शाफ्ट ज्यात नेमके बसतील असा पितळेचा सरळ सांधा करून घ्या. दोन्ही शाफ्ट त्यात घट्ट धरा, मोटर तिच्या बैठकीवर स्क्रूने बसवा, आणि हे सगळं एक सळई असल्यासारखं जोडलेलं असतानाच नळीभोवती एपॉक्सी भरा. वाळल्यावर सांधा काढून तिथे खरं कपलिंग बसवा. दोन शाफ्ट आहेत तर दोन सांधे करा, म्हणजे दोन्ही बाजू एकाच वेळी वाळतील आणि डाव्या-उजव्या कोनात फरक पडणार नाही.

शाफ्ट स्वतः सरळ आहे का तेही बघा. जाड काचेवर ठेवून बोटाने लोळवा आणि उजेडासमोर काच-शाफ्टमधली फट बघा. उजेडाची रेघ उघडझाप करत असेल तर शाफ्ट वाकलाय. वाकलेला शाफ्ट ठोकून सरळ करण्यात वेळ घालवू नये, बदलावा.

पाणघोडा

लेथवाला, +१. सांध्याची युक्ती अगदी पटली.

माझा एक अनुभव, त्याचं कारण मला हवंय. माझी बोट पुढे कितीही चालवली तरी कोरडी राहते. पण धक्क्याला लावताना मागेपुढे, मागेपुढे केलं की आत पाणी दिसतं. रिव्हर्सलाच का?

लेथवाला

पंखा पुढे ढकलतो तेव्हा शाफ्ट बोटीच्या आतल्या दिशेला सरकतो. पंखा आणि बुश यांच्या मधला लॉकनट आणि वॉशर बाहेरच्या बुशच्या तोंडावर दाबून बसतात, म्हणजे आपोआप झाकण लागतं. रिव्हर्सला पंखा शाफ्टला बाहेर ओढतो, वॉशर बुशपासून सुटतो आणि तोंड उघडं पडतं. त्यातच पंख्याने ढकललेलं पाणी आता त्या तोंडाकडे येतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी तुमच्या विरुद्ध.

उपाय शाफ्टच्या आतल्या टोकाला आहे. तिथे ग्रबस्क्रूने (बिनडोक्याच्या छोट्या स्क्रूने) शाफ्टवर आवळलेली कडी, म्हणजे कॉलर, असते, ती आतल्या बुशच्या तोंडाला जवळ आणा. मागेपुढे सरकायला ०.२ ते ०.३ मिमी जागा ठेवा, जास्त नको. पूर्ण शून्यही नको, नाहीतर शाफ्ट आवळला जातो. कॉलरखाली शाफ्टवर कानसेने छोटी सपाट जागा केली की ग्रबस्क्रू घसरत नाही. शक्यता अशी आहे की तुमची कॉलर थोडी थोडी सरकत गेली आहे आणि आता शाफ्ट मिलिमीटरभर खेळतोय. पंखा धरून ओढून बघा, लगेच कळेल.

पाणघोडा

बघितलं. कॉलर आहे, पण तिचा स्क्रू अर्धवट धरलेला, शाफ्ट चांगला दोन मिमी बाहेर येतोय. सपाट जागा करून पुन्हा बसवतो. मनापासून आभार.

रेती

ग्रीस कुठलं यावर कोणी नीट लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते.

सगळं ग्रीस पाण्यात टिकत नाही. सोडियम साबणावर केलेलं ग्रीस पाण्यात विरघळत जातं, ते नळीत घालू नये. लिथियमचं साधारण बरं. कॅल्शियमवर आधारित, आणि त्यातही कॅल्शियम सल्फोनेटचं, पाण्यात सगळ्यात चांगलं टिकतं. बोटींसाठीचं म्हणून जे ग्रीस मिळतं ते बहुतेक या दोन-तीन जातींपैकीच असतं. ग्रॅफाइट घातलेलं काळं ग्रीस टाळा, विशेषतः खाऱ्या पाण्यात. ग्रॅफाइट वीजवाहक आहे आणि ते धातूच्या संपर्कात ओलं राहिलं की पितळ आणि स्टेनलेस दोन्हीला गंज चढायला मदत करतं.

पेट्रोलियम जेली बरेच जण वापरतात. हलकी असते, मोटरीवर ओझं पडत नाही, हळू बोटींना चालते. पण तिचा वितळणबिंदू कमी, उन्हात तापलेल्या काळ्या हलमध्ये ती पातळ होऊन बुशमधून ओघळते.

किती लागतं? निळीनाळ यांच्या मापात नळी आणि शाफ्टमधली पोकळी काढली तर प्रत्येक नळीत ५ मिलीपेक्षा थोडं जास्त. म्हणजे ५-१० मिलीची जाड तोंडाची सिरिंज पुरते. सुई काढून सिरिंजचं तोंड उभ्या नळीला छोट्या रबरी नळीने जोडायचं, हळू दाबायचं, आणि दुसऱ्या हाताने शाफ्ट फिरवत राहायचं. फिरवलं नाही तर ग्रीस एका बाजूने वाट काढतं आणि दुसऱ्या बाजूला हवेचा कप्पा राहतो. तो कप्पा म्हणजे पाण्याला दिलेली खोली. बाहेरच्या बुशमधून ग्रीसची पातळ अंगठी सगळ्या बाजूंनी सारखी बाहेर आली की थांबायचं आणि ती पुसून टाकायची.

पुढच्या वेळी शाफ्ट काढाल तेव्हा ग्रीसचा रंग बघा. मूळ रंगाचं असेल तर नळी कोरडी आहे. बाहेरच्या टोकाला बोटभर लांबीचं दुधाळ झालं असेल तर पाणी तिथवर येऊन थांबलंय, काळजी नको, तेवढं बदला. आतल्या बुशपर्यंत दुधाळ असेल तर बुश गेलाय.

झुळूक

रेतीताई, एक शंका. माझ्याकडे वेगवान बोट आहे, ब्रशलेस मोटर. नळी भरून ग्रीस घातलं तर करंट वाढतो आणि मोटर गरम होते. मग काय?

रेती

बरोबर आहे, तुमच्या बोटीला टगचा नियम लागू नाही. ग्रीस शाफ्टबरोबर घुसळलं जातं आणि वेग वाढला की ते ओझं वाढतच जातं. वेगवान बोटीत नळीभर ग्रीस नको. शाफ्टवर पातळ थर, बाहेरच्या बुशपाशी थोडं जास्त, बस. लवचिक तारेचा शाफ्ट टेफ्लॉनच्या नळीत फिरत असेल तर प्रत्येक दिवसाच्या शेवटी तार काढा, पुसा, पुन्हा ग्रीस लावा. ओली तार आत ठेवून बोट कपाटात गेली की तारेच्या पदरांमध्ये गंज धरतो आणि ती पुढे भर वेगात तुटते.

तुमच्या बोटीत थोडं पाणी येणं गृहीत धरा आणि इलेक्ट्रॉनिक्स जलरोधक डब्यात ठेवा. हलमध्ये फोमही भरा, म्हणजे उलटली तरी तरंगेल.

टगच्या बाबतीत मात्र करंटची भीती फार बाळगू नका. खात्री हवी असेल तर कोरड्या नळीने आणि भरलेल्या नळीने, पंखा काढून, मोटरीचा करंट मोजा. फरक दिसेल, आणि थोडा वेळ फिरल्यावर तो बराच कमीही होईल, कारण शाफ्ट ग्रीसमध्ये स्वतःची वाट करतो.

पाणबुडीकर

सीलबद्दल दोन शब्द. मी पाणबुड्या करतो, तिथे सीलशिवाय गत्यंतर नाही. दोन मीटर खाली गेलं की २० किलोपास्कल, म्हणजे तुमच्या टगच्या तीसपट. तांडेल म्हणाले ते खरं आहे, तुम्हाला सीलची सक्ती नाही. पण बसवणार असाल तर नीट बसवा.

४ मिमी शाफ्टला ओठाचे छोटे रबरी सील मिळतात. ओठाची पोकळ बाजू नेहमी ज्याला अडवायचं त्याच्याकडे. बाहेरच्या सीलची पोकळ बाजू पाण्याकडे, म्हणजे पाण्याचा दाब ओठाला शाफ्टवर आणखी घट्ट दाबतो. याचा एक फायदा म्हणजे आतून ग्रीस भरताना जास्तीचं ग्रीस ओठ उचलून बाहेर जातं, पण पाणी आत येत नाही. आतल्या टोकाला सील लावलात तर त्याची पोकळ बाजू नळीकडे.

जिथे ओठ टेकतो तिथे शाफ्ट आरशासारखा हवा. १२०० नंबरचा पॉलिश पेपर तेल लावून शाफ्टभोवती गोल फिरवा. लांबीच्या दिशेने ओढलेला एकच ओरखडा पाण्याला पुरतो. आणि शाफ्ट सीलमधून घालताना त्याचे आटे ओठ कापतात, हे फार जणांना कळत नाही. आट्यांवर पातळ प्लास्टिकची नळी किंवा टेप गुंडाळून मगच घाला.

ओ-रिंग वापरत असाल तर रबर आणि ग्रीस यांचं जमतं का ते बघा. नायट्राइल रबर खनिज ग्रीसमध्ये चांगलं राहतं. ईपीडीएम आणि नैसर्गिक रबर त्यात फुगतं. सिलिकॉन रबरला सिलिकॉन ग्रीस लावलं तर तेही फुगतं. फुगलेली रिंग आधी घट्ट होते, मग घासून फाटते.

डोह

सगळ्यांना एक विनंती. आपण ज्या तळ्यात बोटी सोडतो तिथे मासे, बेडूक, पक्षी असतात. तेलाचा थेंबसुद्धा पाण्यावर फार मोठा पसरतो. तेलाच्या उघड्या नळ्या टाळा, बाहेर आलेलं ग्रीस बोट पाण्यात सोडण्याआधी कापडाने पुसा, आणि मिळत असेल तर जैवविघटनशील ग्रीस वापरा. स्वयंपाकाचं तेल नैसर्गिक म्हणून घालू नका, ते काही दिवसांत चिकट राळेसारखं होऊन शाफ्ट जाम करतं.

जुनीजहाजं

थोडं अवांतर, पण विषयाला धरूनच. खऱ्या जहाजांनाही हा त्रास पंख्याच्या पहिल्या दिवसापासून होता. सुरुवातीच्या पितळी बेअरिंगा पाण्यात झपाट्याने झिजायच्या आणि मागच्या बाजूने गळती व्हायची. जॉन पेन आणि फ्रान्सिस पेटिट स्मिथ यांनी १८५४ साली लिग्नम व्हायटी या लाकडाच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. हे लाकूड पाण्यात बुडतं इतकं जड आणि त्यातली राळ स्वतःच वंगणाचं काम करते. शाफ्ट पाण्यातच फिरवायचा, ही त्यांची कल्पना पुढे शंभरहून अधिक वर्षं टिकली. पाणी जहाजात येऊ नये म्हणून आतल्या टोकाला चरबी लावलेल्या दोराच्या वेढ्यांचा ग्लँड (शाफ्टभोवतीचा पाणी अडवणारा भाग) असायचा, आणि तो मुद्दाम थोडा टिपकता ठेवायचे, म्हणजे घर्षणाने वेढे जळत नाहीत.

लेथवाला वाकड्या शाफ्टबद्दल म्हणाले त्याचं सगळ्यात भयंकर उदाहरण १० डिसेंबर १९४१ चं. ब्रिटिश युद्धनौका प्रिन्स ऑफ वेल्सला मलायाच्या किनाऱ्याजवळ डाव्या बाहेरच्या शाफ्टपाशी टॉर्पेडो लागला. वाकलेला शाफ्ट फिरत राहिला, त्याने वाटेतले ग्लँड फाडले आणि शाफ्टच्या बोगद्यातून पाणी आत घुसलं. त्याच दिवशी ती बुडाली.

शिडाचीदोरी

मी खाऱ्या पाण्यात चालवणार आहे. वेगळं काही?

तांडेल

हो. परत आल्यावर बोट आणि पंखा गोड्या पाण्याने धुवा, आणि दर काही दिवसांनी शाफ्ट काढून नळी पुसा. स्टेनलेस गंजत नाही हा समज अर्धाच खरा आहे. त्याला हवेतला प्राणवायू मिळत राहिला तर त्याचं पातळ कवच टिकतं. बुशच्या फटीत साचलेल्या, न हलणाऱ्या खाऱ्या पाण्यात ते कवच मोडतं आणि बारीक खड्डे पडतात. खड्डे पडलेला शाफ्ट बुश कानसेसारखा खातो. ३१६ जातीचा शाफ्ट मिळाला तर तो घ्या, ३०४ पेक्षा चांगला टिकतो.

निळीनाळ

खूप शिकलो. आतापर्यंत काय केलं ते सांगतो.

नळ्यांना उभ्या नळ्या सोल्डर केल्या, बाहेर १२ मिमीचे फॉस्फर ब्राँझ बुश, आत तेल मुरवलेले. लेथवाल्यांच्या सांध्याने दोन्ही बाजू एकाच वेळी चिकटवल्या. सील बसवले नाहीत. कॅल्शियमचं ग्रीस भरलं. डेक अजून बसवलेलं नाही. वजनं ठेवून बोट टबमध्ये पाणरेषेपर्यंत बसवली.

आता प्रश्न असा, तपासायचं कसं? नुसत्या डोळ्याने तळ ओला आहे की नाही कळतं, पाणी कुठून आलं ते कळत नाही.

लेथवाला

टिश्यू पेपरच्या पट्ट्या कापा. एक पट्टी आतल्या बुशच्या तोंडाखाली, एक नळी जिथे हलमधून येते तिथल्या एपॉक्सीच्या कडेवर, एक सुकाणूच्या नळीभोवती. पट्ट्या एकमेकींना टेकू देऊ नका. टबच्या पाण्यात थोडा गडद रंग घाला, म्हणजे पट्टीवर रंग उमटेल आणि हवेतल्या दमटपणाशी गल्लत होणार नाही. मोटरी बंद ठेवून तासभर थांबा. मग नव्या पट्ट्या लावून मोटरी पुढे चालवा, मग मागे. तिन्ही वेळचं वेगवेगळं बघा.

सुकाणूची नळी विसरू नका. तिचं वरचं तोंड पाणरेषेखाली असलं तर ती शाफ्टइतकीच गळते, आणि बोलणी मात्र शाफ्ट खातो.

निळीनाळ

तपासलं. दोन्ही बुशखालच्या पट्ट्या कोरड्या, मोटरी बंद, पुढे आणि रिव्हर्स, तिन्ही वेळा. सुकाणूची पट्टी कोरडी.

पण उजव्या नळीच्या एपॉक्सीवरची पट्टी एका कोपऱ्यात निळी झाली. भिंग लावून पाहिलं तर नळी आणि हलच्या मधल्या एपॉक्सीत, नळीच्या खालच्या बाजूला, सुईच्या टोकाएवढं भोक. त्यातून थेंब तयार व्हायला बराच वेळ लागतो, पण झाला की नळीच्या पोटावरून घरंगळत थेट बुशच्या खाली जाऊन थांबतो. पट्टी लावली नसती तर कोणीही म्हणालं असतं की बुश गळतोय.

आतून भरू की बाहेरून?

तांडेल

बाहेरून. पाणी ज्या बाजूने ढकलतं त्या बाजूने भरलेलं एपॉक्सी पाण्याच्या दाबाने भोकात आणखी बसतं. आतून भरलेलं उचकटलं जातं. बोट आधी एक-दोन दिवस पूर्ण वाळू द्या, भोकाच्या आतला ओलावा गेला पाहिजे. मग तिथलं पितळ आणि फायबर दोन्ही १२० च्या पेपरने खरवडा, अल्कोहोलने पुसा. नळीवर ग्रीसचा अंश राहिला तर एपॉक्सी धरणार नाही, आणि तुमच्या नळ्या आत्ताच ग्रीसने भरल्यात, म्हणून हात आणि कापड दोन्ही नवीन घ्या.

हळू वाळणारं एपॉक्सी घ्या, पाच मिनिटांचं नको. ते पाण्यात दीर्घकाळ तितकं टिकत नाही. हल किंचित कोमट करा आणि एपॉक्सी लावल्यावर थंड होऊ द्या. आतली हवा आकसते आणि एपॉक्सी भोकात ओढलं जातं.

रेती

आणि वाळल्यावर तीच तपासणी पुन्हा, तेही फक्त उजवीकडे नाही, दोन्हीकडे. पहिल्या खऱ्या सफरीनंतर दोन्ही शाफ्ट काढून ग्रीस कुठपर्यंत दुधाळ झालंय ते इथे लिहा. शिडाचीदोरी आणि झुळूक यांनाही त्याचा उपयोग होईल.